सातबाऱ्यावरचा खराबा आणि मांडुळाचा भाव

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मामांच्या रानात भुईमूग काढणी चालू होती. रान उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रोडपासून आत, निम्मं काळं आणि निम्मं मुरमाड. वेल उपटता उपटता एका बाईच्या हाताला काहीतरी गार लागलं, ती ओरडली आणि बाकीच्या सगळ्या बांधाकडं पळाल्या. मी तिथंच होतो. जाऊन बघितलं तर मांडूळ. तांबूस तपकिरी रंग, मनगटाएवढं जाड, अडीचेक फूट लांब. बिचाऱ्यानं डोकं वेटोळ्याखाली घातलं होतं आणि बोथट शेपूट तेवढं थोडं वर धरलं होतं, म्हणजे कुणी टोचा मारला तर शेपटीवर बसावा आणि डोकं वाचावं. एवढाच त्याचा बचाव. विष नाही, चावायची घाई नाही, पळायचा वेग नाही.

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून स्टेटसला टाकला. तासाभरात मामांचा फोन वाजायला लागला. ओळखीच्या ओळखीतून कुणीतरी. "मामा, वजन काय भरतंय बघा की. दोन किलोच्या वर असलं तर आपल्याकडं पार्टी आहे."

मामा म्हणाले, "काय करणार बे तुम्ही त्याचं?"

"ते तुम्ही कशाला विचारता, तुम्ही फक्त आकडा बोला."

संध्याकाळपर्यंत असे चार फोन आले आणि शेवटच्यानं जो आकडा सांगितला तो मामांच्या सोसायटीच्या कर्जापेक्षा मोठा होता, हे मुद्दाम सांगतो, कारण मोह नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. मामा बराच वेळ गप्प बसले, मग मला म्हणाले, लाव फोन त्या वनखात्याला. मी १९२६ ला फोन लावला. वनरक्षक आले, दोन ओळींचा पंचनामा केला आणि गावाच्या वरच्या अंगाला जो माळ आहे तिथं नेऊन सोडलं. नांगरटीची माती नव्हती तिथं, पण एका बोराटीच्या बुडाला उंदरांनी भुसभुशीत करून ठेवलेली जागा होती. मांडुळानं तोंडानं माती बाजूला सारली आणि सरळ आत घुसलं. दोनेक मिनिटांत शेवटचं बोथट टोकही दिसेना.

रात्री मामांच्याच घरी होतो. पीकविम्याच्या कामासाठी सातबारा मोबाईलवर काढलेला होता, तो बघत होतो. क्षेत्र, आकारणी आणि त्याच्या शेजारी तो रकाना, पोटखराबा. लागवडीलायक नसलेली जमीन, म्हणून आकारणी नाही. ज्या माळावर मांडूळ सोडलं तो तर गायरान, त्याला सरकारी कागदात पडीक म्हणतात. आणि मला दिवसभरातले ते आकडे आठवले. म्हणजे त्या जमिनीत राहणाऱ्या एका सापाला लाखो रुपये मोजायला लोक तयार आहेत, आणि तो साप जिथं जन्मतो, उंदीर खातो, पिल्लं घालतो त्या जमिनीची किंमत कागदावर शून्य. हा लेख त्या शून्याबद्दल आहे. माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडच्या माळावरचे आणि तिकडं थारच्या वाळवंटातले प्राणी शिकाऱ्यांमुळे आणि तस्करांमुळे मरतात ते मरतातच, पण त्यांच्यापेक्षा जास्त ते महसुलाच्या एका शब्दामुळे मरतात, आणि जोपर्यंत तो शब्द बदलत नाही तोपर्यंत कितीही मांडुळं सोडवली तरी त्यांना सोडायला जागा राहणार नाही.

आधी तस्करीचं बोलून घेऊ, कारण पेपरात तेच येतं. मांडुळानं पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, सहा महिने ते या तोंडानं चालतं आणि सहा महिने त्या तोंडानं, असल्या गोष्टी आपल्याकडं अजून शिकलेली माणसंपण सांगतात. त्याला दोन तोंडं नाहीत, एकच आहे, दुसरं शेपूट आहे, आणि ते उंदीर खातं एवढाच त्याचा शेतकऱ्याला होणारा फायदा आहे, जो काही कमी नाही. घोरपडीचं तेच. तानाजीच्या यशवंतीची गोष्ट आपण पोरांना अभिमानानं सांगतो आणि त्याच घोरपडीला तेलासाठी, मटणासाठी, कातड्यासाठी मारतो. २०१७ मध्ये तर उघड झालं की पूजेच्या दुकानात आणि ऑनलाईन जी हत्ताजोडी म्हणून झाडाची मुळी विकली जात होती ती मुळी नव्हतीच, नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून वाळवलेलं होतं. देव्हाऱ्यात ठेवून लोक त्याला शेंदूर लावत होते. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत, पण हे किती जणांना माहीत आहे?

आणि सांडा. हा आपल्याकडं नसतो, हा थारचा आणि कच्छचा, पण त्याचं तेल मात्र महाराष्ट्रातल्या आठवडी बाजारात पोचतं. लहानपणी मी एका बाजारात बघितलंय, फडक्यावर चारपाच सांडे ठेवलेले, जिवंत, डोळे उघडे, पण एकही हलत नव्हता. मला वाटलं शिकवलेले आहेत. खूप वर्षांनी कळलं की ते पळू नयेत म्हणून पाठीचा कणा मोडतात आणि तसेच दिवसचे दिवस जिवंत ठेवतात, गिऱ्हाईक आलं की समोर कापून चरबी कढवतात. ते दृश्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. सांडा हा मुळात गवत-पाला खाणारा सरडा, काटेरी जाड शेपटीचा. त्या शेपटीत तो थंडीसाठी चरबी साठवतो, आणि आपण त्या चरबीला मर्दानगीचं औषध म्हणतो. त्यात औषध काही नाही, कुठल्याही प्राण्याच्या चरबीत असतं तेच आहे. कडक सपाट जमिनीत तो बीळ करतो, रात्री आत गेला की मातीनं तोंड बंद करून घेतो, आणि शेकड्यांनी एकमेकांच्या शेजारी वसाहत करून राहतो. वाळवंटातले गरुड, ससाणे, कोल्हे, खोकड, इतकंच काय माळढोकासारखा मोठा पक्षीसुद्धा त्याच्यावर जगतात. गवताचं मांस करून देणारा वाळवंटातला हा सगळ्यात मोठा कामगार आहे असं मी म्हणेन.

आता बघा, हे सांडे पकडणारा माणूस बिळात गरम पाणी ओततो आणि एकेक प्राणी काढतो. वाईटच आहे, त्याला शिक्षा व्हावी. पण एखाद्या सपाट माळावर डोझर फिरला की वसाहतच्या वसाहत एका सकाळी संपते, आणि त्यासाठी कुणावर गुन्हा दाखल होत नाही, कारण कागदावर तिथं काहीच नव्हतं. पडीक होतं. उलट पडीक जमीन उपयोगात आणली म्हणून कौतुक होतं.

हा पडीक शब्द आला कुठून? तर आपल्या शेजारूनच. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करायची नवी पद्धत बसवली आणि पुढं ती सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. त्यांचा प्रश्न साधा होता, कुठल्या जमिनीतून किती सारा वसूल होईल. ज्यातून होणार नाही ती खराब. सरकारला सारा हवा होता, त्यांचं त्यांच्या जागी ठीक होतं. पण ते गेले, आपण तोच रकाना ठेवला, आणि केंद्र सरकार जो पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं त्यात झुडपांची माळरानंही पडीक आणि वाळवंटातली वाळूही पडीक. पावसाळ्यानंतर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर या कधी. कुसळी, पवना, मारवेल गुडघ्याएवढं वाढलेलं, मध्ये मध्ये तरवडाची पिवळी फुलं, हिवराची विरळ झाडं, काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, माळटिटवी. साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जमिनीनं याच्यापेक्षा आणखी काय पिकवावं अशी अपेक्षा आहे? हा माळ तुटलेलं जंगल नाही. इथं आधी घनदाट झाडी होती आणि मग ती तोडली असं प्रत्येक ठिकाणी झालेलं नाही. कमी पाऊस, उथळ मुरूम, उन्हाळ्याची धग आणि चरणारी जनावरं यातून तयार झालेली ही स्वतःची एक व्यवस्था आहे आणि ती फार जुनी आहे.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहाच्या मदतीनं देशातल्या अशा खुल्या नैसर्गिक जागांचा नकाशा केला तेव्हा त्या देशाच्या सुमारे १० टक्के जमिनीवर भरल्या, आणि त्यातला ५ टक्केसुद्धा भाग संरक्षित नव्हता. जंगल म्हणलं की वाघ, वाघ म्हणलं की निधी. माळ म्हणलं की काय? माळ म्हणलं की वृक्षारोपण.

इथं मला थोडं थांबायचंय, कारण हा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त टोचतो. झाड लावणं वाईट कसं असेल? आपल्या राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी असे वृक्षलागवडीचे आकडे जाहीर झाले. शाळेची पोरं, एनएसएस, बँका, नगरसेवक, सगळे लागले. मीपण खड्डे घेतलेत, एका टेकडीवर, घामाघूम होऊन, मनापासून. पण एवढी झाडं लावायला जागा कुठली? शेतकरी देणार नाही, शहरात नाही, मग राहिलं काय, माळ. जेसीबी लावून सलग समतल चर खणले, गवताचं जुनं मूळ उलथून टाकलं, आणि लावलं काय तर कित्येक ठिकाणी ग्लिरिसिडिया, जो मध्य अमेरिकेतून आलेला, ज्याला आपल्याकडची जनावरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून जगतो. जिथं जगला तिथं खाली गवत येत नाही. जिथं मेला तिथं चर तेवढे राहिले. दोन्हीकडं माळ गेला.

आणि माळावरचा एक प्राणी घेऊन सांगतो काय जातं ते. मे महिन्यात दुपारी अकरा-बाराच्या उन्हात, जेव्हा आपण पायात चप्पल असूनही उभं राहू शकत नाही, तेव्हा माळावरच्या एखाद्या धोंड्यावर एक वीतभरसुद्धा नसलेला मातकट सरडा (इंग्रजीत फॅन-थ्रोटेड लिझर्ड) चढून बसतो. नर असतो तो. लांबून दगडाचाच भाग वाटतो. मग अचानक गळ्याखालची घडी उलगडतो आणि निळा, काळा, केशरी असा पंखा उघडतो, मिटतो, परत उघडतो, मान वळवून दुसऱ्या बाजूला परत तेच. तीस-चाळीस फुटांवर दुसऱ्या धोंड्यावर दुसरा नर त्याला उत्तर देत असतो. मधल्या गवतात कुठंतरी मादी असते, ती दिसतही नाही. पंखा सावलीत दिसणार नाही, दाट झुडपात दिसणार नाही. या सरड्याचं सगळं लग्नकार्य उघड्या जमिनीवर आणि रणरणत्या उन्हावर अवलंबून आहे. मादी अंडीपण मोकळ्या मातीत उकरून घालते. तिथं तुम्ही दहा फुटाला एक झाड लावलं की सावली येते, सावली आली की हा गेला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी यांच्यातल्या काही जातींसाठी नवी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली आणि तिला नाव दिलं सरडा, आपलाच मराठी शब्द, जगाच्या शास्त्रात कायमचा गेला. दख्खनच्या माळाचा एवढा मान जगानं ठेवला. आपण त्याच माळाला खराबा म्हणतो.

साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर याच सरड्यांचा अभ्यास झाला होता, २०१८ ला प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या जिथं आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळं सरडे भरमसाठ वाढलेले, पण बारीक, अशक्त, आणि माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे, कारण वरून झडप येत नाही याची सवय झालेली. म्हणजे एकही सरडा न मारता सरड्याचं अख्खं आयुष्य बदललं. माळावर वरवर बघून काही कळत नाही हे मी त्यावरून शिकलो. आकडा वाढला म्हणजे बरं चाललंय असं नसतं.

आता माळढोक. सोलापूरकराला हा विषय काढला की दोन गोष्टी आठवतात, अभिमान आणि वैताग. वैताग जास्त. आणि त्या वैतागाला कारण आहे, ते मान्य केल्याशिवाय पुढं बोलण्यात अर्थ नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर अभयारण्य जाहीर झालं. साडेआठ हजार! त्यात गावं, बाजारपेठा, बस स्टँड, लोकांची विहिरीची शेतं, सगळं आलं. माणसाला स्वतःच्या जमिनीचं एनए (बिगरशेती) करायला, विकायला, बांधायला अडचण. एका पिढीनं माळढोक या शब्दाबरोबर फक्त ना हरकत दाखल्याच्या चकरा बघितल्या. शेवटी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं, पण तोपर्यंत लोकांच्या मनातून पक्षी उतरला होता. बोरामणीच्या विमानतळाचं वनजमिनीवरून घोडं अडलं तेव्हा चहाच्या टपरीवर शिव्या कुणाला पडल्या ते आपण सगळ्यांनी ऐकलंय.

आणि गंमत बघा म्हणवत नाही, दुःख बघा, एवढं करून पक्षी वाचला का? आता नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते. देशात मिळून दीडशेच्या आत उरलेत आणि बहुतेक जैसलमेरकडं. का नाही वाचला? कारण कागदावर रेष साडेआठ हजारांची होती पण रेषेच्या आत गवत वाचवायची सोय फार थोड्या जागेत होती. नान्नजचे कुंपणाचे गवती प्लॉट होते तिथं पक्षी टिकला. बाकी ठिकाणी उजनी आली, कालवे आले, मालदांडी ज्वारी-करडई-हरभऱ्याच्या जागी ऊस आला, द्राक्षं आली, फवारणी आली, नाकतोडे गेले. माळढोक ज्वारी-हरभऱ्याच्या रानात खुशाल फिरायचा, उसात त्याला शिरता येत नाही. मी उसाला दोष देत बसणार नाही, दुष्काळी माणसाला पाणी आल्यावर त्यानं काय लावावं हे मी कोण सांगणार. पण वर्षाला साधारण एकच अंडं घालणारा, तेही उघड्या जमिनीवर, असा पक्षी या वेगापुढं टिकणं शक्यच नव्हतं.

माझ्या मते इथं मूळ चूक ही की आपण पक्षी वाचवायला निघालो, माळ वाचवायला निघालो नाही. माळढोक जगायला नाकतोडा लागतो, भुंगा लागतो, सरडा लागतो, बोरं लागतात, मोकळी नजर लागते. हे सगळं ज्या गायरानात, पोटखराब्यात, वनखात्याच्या तुकड्यात होतं त्याला कधीच कुणी गवताळ परिसंस्था म्हणून नोंदवलं नाही. लोकांच्या पिकाऊ जमिनीवर बंधन आणि खऱ्या माळावर मात्र चर खणणं, लागवड, एमआयडीसी, मुरूम उपसा. उलटं झालं. जे मोकळं ठेवायचं होतं ते भरलं आणि जे लोकांना मोकळं करायचं होतं ते अडकवलं.

जैसलमेरकडं तर हेच मोठ्या आकारात चाललंय. माळढोक वजनदार, नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळं विजेच्या तारा त्याला चुकवता येत नाहीत. थारमध्ये तारांवर आपटून वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. सोलरवाल्यांचं म्हणणं देशाला वीज हवी. बरोबर आहे, हवीच आहे. पण तिथं सोलर गेला कसा? वाळवंट रिकामं आहे म्हणून गेला. रिकामं कुणी ठरवलं? तिथं ओरण आहेत, देवाच्या नावानं गावानं पिढ्यानपिढ्या राखलेली चराऊ रानं, जिथं फांदी तोडत नाहीत, पण जनावर चरतं. त्यांतल्या कितीतरी सरकारी कागदात पडीक म्हणूनच होत्या, म्हणून कंपन्यांना देता आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजस्थानातल्या ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांना जंगलाचा दर्जा द्या असं सांगितलं. तिकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं पायी मोर्चे काढले, उंटावरून निवेदनं दिली, तेव्हा कुठं एक शब्द बदलायला सुरुवात झाली.

आपल्याकडं सोलरचा प्रश्न अजून नाजूक आहे आणि मी तो टाळणार नाही. शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्यासाठी सरकारी जमिनीवर, गायरानावर सौर प्रकल्प उभे राहतायत. मला दिवसाची वीज हवी आहे. सापांच्याच बाजूनं बोलताना सांगतो, हवी आहे. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला, बारं द्यायला शेतकरी अंधारात बांधावरून जातो आणि पाय फुरशावर नाहीतर घोणसावर पडतो. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मेली, २००० ते २०१९ या काळातला तो अभ्यास आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. दिवसाची वीज हा त्याच्यातला सगळ्यात मोठा उपाय ठरू शकतो असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या घरातला माणूस फुरसं चावून गेला त्याला साप वाचवा म्हणून सांगायला जाऊ नये, आधी त्याच्या रानात दिवसा वीज द्यावी, तालुक्याच्या दवाखान्यात लस ठेवावी, मग बोलावं.

पण म्हणून त्यासाठी गावातला एकमेव राहिलेला माळच द्यायचा का? साखर कारखान्यांची मोठाली छतं आहेत, गोडाऊनं आहेत, बाजार समितीचे शेड आहेत, खारपड होऊन वाया गेलेली उसाची रानं आहेत, त्यांना शेतकरी भाड्यानं द्यायला तयार असतो कारण तिथं काही पिकतच नाही. बंद पडलेल्या खडी-खाणी आहेत. सबस्टेशनपासून जवळ आणि गायरान, एवढे दोनच निकष लावले की दरवेळी माळच निवडला जाणार, तिसरा निकष लावा, की तिथं जिवंत गवत आहे का. एखादा गवताचा अभ्यास केलेला माणूस ऑक्टोबरमध्ये दोन दिवस फिरला तर सांगेल. एवढंसं काम आहे.

आणि गायरानावर पहिला हक्क कुणाचा? धनगराचा. हे वन्यजीवप्रेमी मंडळी विसरतात. कुंपण घालून मेंढरं बाहेर काढली म्हणजे माळ वाचला असं होत नाही. जास्त चराई झाली तर माळ उघडा पडतो हे खरं, पण अजिबात चरलं नाही तर जुनं गवत लोळतं, झुडूप माजतं आणि तो उघडेपणा जातो. शिवाय लांडगा मेंढरांमागे आहे. आमच्या भागातला जुना मेंढका कोकरू गेलं तर चिडतो, पण विष घालत नाही, त्याचा वाटा धरलेला असतो. विष घालायची वेळ येते ती माळ आकसल्यावर, जेव्हा दहा कळप आणि एक लांडग्याचं कुटुंब एकाच शंभर एकरात येतं. आणि भरपाई? फिरस्त्या मेंढक्याला परक्या तालुक्यात वेळेत पंचनामा करून घेणं, कागद जोडणं किती जमतं? ती भरपाई जागेवर आणि लगेच मिळाली पाहिजे, एवढ्यानं लांडग्याचं जितकं भलं होईल तितकं दहा जनजागृती सप्ताहांनी होणार नाही.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. सातबाऱ्यावर आणि गायरानाच्या नोंदीत गवताळ माळ असा स्वतंत्र प्रकार हवा. जिथं तो लागेल तिथं वृक्षलागवडीचं टार्गेट लागू नये, चर खणू नयेत, गवत राखलं त्याचा निधी वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला दोघांनाही मिळावा, आणि चराई आळीपाळीनं गावानंच ठरवावी. खाजगी पोटखराबा जो शेतकरी तसाच ठेवतो त्याला एकरी काहीतरी पैसे द्या. आज त्याला पोटखराबा फोडून, मुरूम विकून, तळ्यातला गाळ टाकून रान केलं तरच पैसा दिसतो. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केली, गावातली पोरं गाईड म्हणून जातात, लांडगा-खोकड दाखवतात. आपल्याकडं त्याच्यापेक्षा कमी काय आहे? पण आधी माळ राहिला पाहिजे.

कुणी म्हणेल नाव बदलून काय होतं. नाव बदलून बरंच होतं. जमिनीच्या व्यवहारात सगळं नावावरच चालतं. एखाद्या तुकड्याला वन म्हणलं की दिल्लीपर्यंत परवानगी लागते आणि पडीक म्हणलं की तो फार सोप्यात जातो. फरक गवतात नाही, शब्दात आहे.

परवा मामांकडं गेलो होतो. मांडूळ जिथं सोडलं होतं त्या माळावर गेलो, ते दिसणार नाही हे माहीत होतं तरी गेलो. बोराटी जागेवर आहे. तिच्यापासून दहा पावलांवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारल्यात, लांबच्या लांब, उताराला आडव्या. चरांची आखणी आहे म्हणे, पावसाळ्याआधी काम सुरू होणार. मामा म्हणाले, ग्रामसभा महिनाअखेरीला आहे, तू लिहून दे, मी वाचतो. लिहिलंय. पानभर आहे, त्यात माळढोकाचं नाव कुठंच घातलेलं नाही, गावात त्या नावानं लोक बिथरतात. मांडूळ किती उंदीर खातं, किती मेंढरं तिथं चरतात आणि कुसळीचं गवत उन्हाळ्यात किती भारे निघतं, एवढंच लिहिलंय. भाऱ्यांचा आकडा मामांनी स्वतः सांगून घातला.